न्यूटच्या पायावर पांढरा कापूस, खाणं बंद, सतत पाण्याबाहेर. टँकमध्ये औषध घालू का?

योकोहामाकर

नमस्कार. घरात जपानी लाल पोटाचे दोन न्यूट (सरड्यासारखे दिसणारे, पाण्यात राहणारे उभयचर) आहेत, इथे अकाहारा इमोरी म्हणतात ते. त्यातल्या मोठ्याचं गेल्या आठवड्यापासून बिघडलंय. सगळी माहिती एकदमच देतो, म्हणजे उलटे प्रश्न विचारावे लागणार नाहीत.

टँक ४५ सेंमीचा, पाणी साधारण २० लिटर, वर तरंगतं बेट. काठाला लटकवायचा फिल्टर. त्याची कार्ट्रिज पाकिटावर लिहिल्याप्रमाणे दर महिन्याला बदलली जाते, शेवटची दोन आठवड्यांपूर्वी. तळाला ५-६ मिमीची काळी खडी. हीटर नाही, चिलर नाही. ऑगस्ट चालू आहे, दिवसभर घर बंद असतं आणि संध्याकाळी पाण्याचं तापमान २९ अंश दिसतं. सहा चाचण्यांच्या पट्टीवर पीएच ६.८, नायट्राइटचा चौकोन फिकट गुलाबी, नायट्रेट ५०च्या आसपास, क्लोरीन शून्य. खाणं म्हणजे फ्रोझन ब्लडवर्म, एक दिवसाआड, दोघांना एकत्रच.

मोठा दिवसभर बेटावर बसून असतो, पाण्यात सोडला की पुन्हा वर. ब्लडवर्म नाकासमोर धरली तरी तोंड फिरवतो. मागच्या उजव्या पायाच्या दोन बोटांवर कापसासारखा पांढरा पुंजका आहे, त्याखाली लालसर दिसतं. पोट फुगलेलं नाही. धाकटा व्यवस्थित खातोय, पोहतोय.

दुकानात दोन औषधं दाखवली: एक मेथिलीन ब्लू, दुसरं मॅलाकाइट ग्रीनचं. दोन्हींवर डोस माशांचा. टँकमध्ये घालू का, घातलं तर किती? मिठाबद्दलही वाचलं, पण प्रत्येक ठिकाणी चमच्यांचा आकडा वेगळा. शिवाय घरात पाच वर्षांची मुलगी आहे, तिला टँकपासून लांब ठेवायला हवं का?

पाणसरडा

दोन्ही बाटल्या बंदच राहू द्या. मेथिलीन ब्लू टँकमध्ये गेलं की फिल्टरमधले जिवाणू मरतात, आणि तुमचं नायट्राइट आधीच शून्यावर नाही. म्हणजे बोटावरची बुरशी घालवायच्या नादात सगळं पाणी विषारी होणार. मॅलाकाइट ग्रीन तर उभयचरांच्या जवळपासही नेऊ नका. माशाला खवले असतात. न्यूटची कातडी उघडी आणि पातळ, पाणी तो तिच्यातूनच घेतो आणि बराचसा प्राणवायूही. पाण्यात जे घालाल ते थेट रक्तात जातं, म्हणून माशांचा डोस त्याला लागू पडत नाही. तांबं असलेली औषधं आणि फॉर्मलिन यांनाही हेच लागू.

आज रात्रीच करायचं काम म्हणजे मोठ्याला वेगळा काढणं. शंभर येनच्या दुकानात झाकणाचे पारदर्शक प्लास्टिकचे डबे मिळतात, ३ ते ५ लिटरचे दोन आणा. एकात न्यूट, दुसरा उद्याच्या पाण्यासाठी. तळाला काही घालू नका, खडीही नाही आणि वाळूही नाही. पाणी इतकंच की पाय तळाला टेकवून उभा राहिला तर नाक वर यावं, साधारण ३ सेंमी. अशक्त न्यूट खोल पाण्यात बुडून मरतो, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. एका बाजूला ओल्या किचन पेपरची घडी, म्हणजे वर बसता येईल. लपायला प्लास्टिकच्या कुंडीचा तुकडा. झाकणाला भोकं पाडा आणि वर वजन ठेवा, कारण आजारी न्यूटही सरळ भिंत चढून जातो आणि दुसऱ्या दिवशी कपाटामागे वाळलेला सापडतो.

पाणी रोज पूर्ण बदलायचं, शंभर टक्के. डब्यात फिल्टर नाही, त्यामुळे तिथे अमोनिया साठू न देण्याचा हा एकच उपाय आहे. जपानच्या नळाला किमान ०.१ मिलिग्रॅम प्रति लिटर क्लोरीन असलंच पाहिजे असा नियम आहे, तेव्हा क्लोरीन काढायचं औषध न चुकता घाला. तयार पाणी झाकून त्याच खोलीत ठेवा, म्हणजे बदलताना दोन्हींचं तापमान सारखं राहील.

तापमान: २९ वरून थेट १८ वर आणू नका. तासाला दोन अंश या हिशेबाने एसीच्या खोलीत उतरवा आणि १८ ते २० वर टिकवा. या जातीला १५ ते २२ मानवतं, २६ च्या पुढे ताण सुरू होतो आणि २९ ला प्रतिकारशक्ती ढासळते. बोटावर जी बुरशी आहे तिचे बीजाणू कुठल्याही टँकमध्ये असतातच. धडधाकट कातडीवर त्यांचं काही चालत नाही. आधी जखम, मग गरम आणि घाण पाणी, आणि बुरशी सगळ्यात शेवटी.

आता मीठ. चमचे विसरा. जाड मिठाचा चमचा आणि बारीक मिठाचा चमचा यांत दीडपटीचा फरक पडू शकतो, म्हणूनच तुम्हाला प्रत्येक ठिकाणी वेगळा आकडा दिसतो. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या. १ लिटर क्लोरीनमुक्त पाण्यात ६ ग्रॅम मीठ पूर्ण विरघळवा, तापमान डब्याइतकंच. त्यात न्यूट १० मिनिटं, मग साध्या पाण्यात विसळून परत डब्यात. दिवसातून एकदा. पहिल्या दोन दिवसांत त्रास दिसला नाही तर १० ग्रॅमपर्यंत न्या, पण वेळ १० मिनिटंच ठेवा आणि समोरून हलू नका. अंग पिळायला लागला, तोल गेला, किंवा डबा चढून बाहेर पडायची धडपड केली की तेवढ्यावर थांबा.

६ का? न्यूटच्या अंगातल्या द्रवाचा खारटपणा साधारण तेवढाच असतो. त्यापुढे गेलात की मीठ त्याच्या अंगातलं पाणी बाहेर ओढायला लागतं. बुरशीच्या तंतूंचंही तेच होतं आणि तोच तर फायदा, पण न्यूटलाही त्याची किंमत मोजावी लागते, म्हणून वेळेवर बंधन. जपानी मिठात आयोडीन घातलेलं नसतं, ती काळजी नको. फक्त टेबलावरच्या बाटलीतलं मोकळं मीठ घेऊ नका, त्यात गुठळ्या होऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम कार्बोनेट असतं. साधं जाड मीठ घ्या.

पुंजका चिमट्याने ओढायचा मोह होईल. ओढू नका, खालची कातडी सोबत निघते.

मुलीचं: लांब ठेवायची गरज नाही, पण हात लावू देऊ नका. या न्यूटच्या कातडीत टेट्रोडोटॉक्सिन असतं, फुगू माशातलं विष तेच. डब्यात हात घातल्यावर साबणाने धुवायचे, त्याआधी डोळे चोळायचे नाहीत. तुम्हीसुद्धा न्यूटला हातात न धरता कपाने उचला, तुमच्या हाताच्या उष्णतेचाही त्याला त्रास होतो.

शेपूटवैद्य

वर सांगितलेलं ठीक आहे. मी फक्त ओळखण्याबद्दल लिहितो, कारण 'पांढरं दिसतंय' या एका वाक्यामागे चार वेगळ्या गोष्टी असू शकतात आणि त्यांचे उपाय एकमेकांशी जुळत नाहीत.

कात: न्यूट दर काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी कात टाकतो. पातळ, अर्धपारदर्शक पापुद्रा, पायांवरून हातमोजा निघावा तसा सुटतो आणि बहुतेकदा तो स्वतःच खाऊन टाकतो. पाण्यात तरंगणारा हा पापुद्रा बघून लोक बुरशीचं औषध ओततात. फरक सोपा आहे. कात सगळ्या अंगावरून सुटते आणि एका दिवसात संपते. बुरशी एकाच जागी रुजलेली असते, पाण्यात तिचे तंतू उभे राहतात आणि पाण्याबाहेर काढलं की ओल्या कापसासारखे चपट बसतात.

सॅप्रोलेग्निया, म्हणजे पाण्यातली कापसासारखी बुरशी: तुमचं वर्णन याचंच वाटतं. एका जागी, जखमेवर, खाली लालसर. मीठ आणि थंड पाणी याला बऱ्याचदा पुरतं. मूळ जखम बहुतेक चाव्याची असावी. दोन न्यूटांना एकत्र ब्लडवर्म टाकली की वास सगळ्या पाण्यात पसरतो, आणि मग जे हलतं ते खाणं असं समजून ते एकमेकांची बोटं पकडतात. बोट गेलं तर परत येतं, न्यूटची ती ख्यातीच आहे, पण बुरशी खाली हाडापर्यंत उतरायला नको.

जिवाणूंचा संसर्ग: एरोमोनाससारखे जिवाणू रक्तात शिरले की मांड्यांच्या आतल्या बाजूला, हनुवटीखाली आणि अवस्कराभोवती (शेपटीच्या मुळाशी असलेल्या मलमूत्राच्या छिद्राभोवती) लाल ठिपके किंवा डाग येतात. लाल पोटाच्या प्राण्यात हे पोटावर शोधू नका, दिसणार नाही. मांडीची आतली बाजू पारदर्शक डब्याच्या तळातून बघा, रोज त्याच प्रकाशात फोटो काढा. मूळचा लाल रंग नारिंगीकडे झुकणारा आणि काठ स्पष्ट असलेला असतो, रक्ताचा डाग गडद आणि काठाला विरघळलेला दिसतो. हे दिसलं तर मिठात वेळ घालवू नका.

चौथी म्हणजे काइट्रिड, थेट कातडीत वाढणारी वेगळी बुरशी. यातली बी-सॅल ही जात २०१३ मध्ये नेदरलँड्समधल्या अग्नि-सॅलमँडरांवरून (न्यूटचे युरोपातले नातेवाईक) ओळखली गेली, तिथे त्यांची संख्या कोसळली होती. तिचं मूळ आशियातलं मानलं जातं आणि जपानमधल्या न्यूटांवरही ती सापडलेली आहे, बऱ्याचदा प्राणी आजारी न दिसता. ठिकठिकाणी सुईच्या टोकाएवढे गोल व्रण, सतत अर्धवट कात, सुस्ती, अशी लक्षणं असतात. कापसाचा पुंजका नसतो. डोळ्यांनी खात्री होत नाही, कातडीवरून कापसाचा बोळा फिरवून पीसीआर करावी लागते. न्यूट नव्याने आणलेला असेल किंवा ओढ्यातून पकडलेला असेल तर ही शंका मनात ठेवा.

त्याच दिवशी डॉक्टरकडे कधी जायचं: मांडीवर लाल डाग, कातडी आरपार फाटलेला व्रण, सगळं अंग आणि पायही फुगलेले, तोंड उघडं टाकून बसणं, किंवा पाठीवर उलटा केला तर स्वतःहून सुलटा न होणं. ही शेवटची चाचणी ओल्या किचन पेपरवर एकदाच करा, सारखी नको.

अँटिबायोटिक घरी देऊ नका, आणि हे मी उगाच घाबरवायला सांगत नाही. साधा हिशेब बघा. उभयचरांना एन्रोफ्लॉक्सॅसिन साधारण ५ ते १० मिलिग्रॅम प्रति किलो देतात. तुमचा न्यूट ७ ग्रॅमचा धरला तर १० च्या दराने ०.०७ मिलिग्रॅम. अडीच टक्क्यांच्या इंजेक्शनमध्ये एका मिलिलिटरला २५ मिलिग्रॅम असतं, म्हणजे ०.००३ मिलिलिटरपेक्षाही कमी. इन्सुलिनच्या सिरिंजवर एवढी रेघच नसते. ते आधी योग्य प्रकारे पातळ करावं लागतं, आणि मूळ द्रावण ऊतकांना जाळणारं असतं.

फोनवर 'इमोरी बघता का' असं थेट विचारा. एक्झॉटिक प्राणी बघतो म्हणणारे कित्येक दवाखाने ससे आणि पोपट यांच्यापुढे जात नाहीत. नेताना पाणी भरलेला डबा नको, ओला किचन पेपर घातलेला छोटा डबा पुरे. आईस पॅक टॉवेलात गुंडाळून डब्याबाहेर. पाण्याचे आकडे, तापमान, रोजचे फोटो आणि दागिन्यांच्या काट्यावर मोजलेलं वजन सोबत न्या.

योकोहामाकर

दोघांचेही आभार. मोठा डब्यात हलवला, पाणी २४ पर्यंत उतरलंय. मांडीवर डाग नाहीत. दोन शंका. एका इंग्रजी लेखात फ्रिजमध्ये ठेवा लिहिलंय, दुसऱ्यात २५ अंशांवर ठेवलं की बुरशी मरते असं. दोन्ही खरं कसं? आणि मुख्य टँकचं काय करू, सगळं पाणी बदलून टाकू का?

एल्बेकाठचा

फ्रिजची पद्धत मुख्यतः ॲक्सोलॉटल (न्यूटचा जन्मभर पाण्यातच राहणारा, कल्ल्यांचा नातेवाईक) पाळणाऱ्यांची, ५ ते ८ अंश. थंडीत बुरशी आणि जिवाणू दोन्ही मंदावतात, प्राण्याचा प्राणवायूचा खर्चही कमी होतो. इथे जर्मनीत ती सर्रास वापरतात आणि जपानी न्यूट हिवाळा थंडीतच काढतो, त्यामुळे त्याला ती झेपते. करायचीच तर दोन-तीन दिवसांत टप्प्याटप्प्याने उतरवा, भाजीच्या कप्प्यात ठेवा, बदलायचं पाणीही फ्रिजमध्येच थंड केलेलं हवं. पोटात अन्न असताना करू नका, पचन थांबतं आणि अन्न आतच कुजतं.

शेपूटवैद्य

मी या न्यूटसाठी फ्रिज सुचवणार नाही. थंडीत रोगजंतू मंदावतात तशी त्याची स्वतःची प्रतिकारशक्तीही मंदावते, आणि जखम भरायची थांबते. सॅप्रोलेग्निया मुळात थंड पाण्यातलीच बुरशी, ८ अंशांवर ती मरत नाही. फ्रिज कामाला येतो तो डॉक्टरकडे पोचेपर्यंत दोन दिवस काढायला, किंवा घरात एसी नसताना उन्हाळ्यात जीव वाचवायला. तुमच्याकडे एसी आहे, १८ पुरे.

२५ अंशांचं खरं आहे पण ते बी-सॅलबद्दल. ती बुरशी २५ ला टिकत नाही, म्हणून अग्नि-सॅलमँडरांना दहा दिवस त्या तापमानात ठेवून बरं केलेलं आहे. चाचणी होऊन तिचं निदान झालं, तेही डॉक्टरच्या देखरेखीखाली, तरच तो उपचार. तुमचा न्यूट मुळात २९ मध्ये होता आणि तिथेच आजारी पडला. उष्णतेने बरा व्हायचा असता तर हा प्रश्न इथे आला नसता.

अंग फुगलं तर साधं मीठपाणी न वापरता उभयचरांचं रिंगर द्रावण वापरतात: १ लिटर शुद्ध पाण्यात सोडियम क्लोराइड ६.६ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड ०.१५, कॅल्शियम क्लोराइड ०.१५, खाण्याचा सोडा ०.२. आज तुम्हाला गरज नाही, आकडे हाताशी असू द्यात. फुगणं दोन प्रकारचं असतं. वायू असेल तर न्यूट एका कुशीवर तरंगतो आणि खाली जाऊ शकत नाही. द्रव असेल तर तळाशी बसतो आणि कातडी जेलीसारखी ताणलेली दिसते. मादी वसंतात अंड्यांनी गोल होते ते वेगळं, तिचे पाय बारीकच राहतात.

स्पंजवाला

टँकवर कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. खरा रोगी तो आहे.

तुमची पट्टी अमोनिया मोजतच नाही. सहा चौकोनांत नायट्रेट, नायट्राइट, दोन प्रकारचा जडपणा, पीएच आणि क्लोरीन. अमोनियाचं वेगळं थेंबांचं किट घ्या. फिल्टरमधले जिवाणू घाणीतल्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. फिकट गुलाबी नायट्राइट म्हणजे ही साखळी मध्येच तुटलेली आहे, आणि कारण तुम्हीच वर दिलंय: कार्ट्रिज. लटकत्या फिल्टरात जिवाणूंची बहुतेक वस्ती कार्ट्रिजवरच असते. दर महिन्याला ती फेकायची म्हणजे दर महिन्याला टँक पहिल्यापासून सुरू करायचा. पाकिटावरची सूचना कार्ट्रिज विकणाऱ्याने लिहिलेली असते, एवढं बोलून पुढे जातो.

सगळं पाणी एकदम बदलू नका. डब्यातली गोष्ट वेगळी, तिथे फिल्टर नाही. टँकमध्ये रोज पाव हिस्सा, म्हणजे ५ लिटर, अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही सलग शून्य दिसेपर्यंत. शंभर टक्के बदल केलात आणि नळाचा पीएच टँकपेक्षा बराच वर असला तर नवीन संकट येतं. ६.८ ला अमोनिया जवळजवळ सगळा अमोनियम रूपात असतो, तो कमी विषारी. पीएच एकने चढला की विषारी हिस्सा जवळपास दहापट होतो. म्हणून नळाचं पाणी रात्रभर ठेवून त्याचा पीएच आधी मोजा.

आत्ताची कार्ट्रिज काढू नका. शेजारी एअर पंपावर चालणारा स्पंज फिल्टर लावा आणि दोन्ही महिना-दीड महिना एकत्र चालू द्या, मग लटकता काढून टाका. न्यूटला प्रवाह नको असतो. सतत पाण्याबाहेर बसण्यामागे कधी कधी तेवढंच कारण असतं. स्पंज धुवायचा तो टँकमधून काढलेल्याच पाण्यात, बादलीत पिळून. नळाखाली कधीच नाही.

खडी काढा. ५-६ मिमी हा सगळ्यात वाईट आकार: घशातून उतरतो, आतड्यातून पुढे सरकत नाही. एक तर तळ मोकळा, नाहीतर १ मिमीपेक्षा बारीक वाळू, नाहीतर न्यूटच्या डोक्यापेक्षा मोठे गोटे. एका दिवशी सगळी खडी उपसू नका, जिवाणू तिच्यावरही आहेत. रोज एक पंचमांश.

आता थंडावा. लोक गोठवलेली बाटली टाकतात. अर्धा लिटर बर्फ २० लिटर पाणी फार तर तीन अंशांनी उतरवतो, तेही बर्फ पूर्ण वितळून त्याचं पाणी टँकच्या तापमानाला आल्यावर. खोली ३० अंशांची असेल तर संध्याकाळपर्यंत सगळं जिथल्या तिथे. रोज खाली-वर झोके देण्यापेक्षा स्थिर २४ बरं. काठावरचा पंखा बाष्पीभवनाने २ ते ४ अंश उतरवतो, पण जपानचा ऑगस्ट दमट, तिथे २ धरा आणि उडालेलं पाणी रोज भरा. पंख्यासाठी झाकण उघडं ठेवावं लागतं, म्हणजे तिथे काठाला घट्ट बसेल अशी जाळी हवी. तुमच्या बाबतीत सरळ उपाय म्हणजे त्या एका खोलीचा एसी दिवसभर २४ वर आणि टँक जमिनीलगत, खिडकीपासून लांब. पाणी खोलीच्या अंशभर खालीवर राहील. चिलर २० लिटरला चालतो, पण तो मागच्या बाजूने खोलीतच उष्णता फेकतो, बंद कपाटात ठेवलात तर उपयोग शून्य.

गरम पाण्याचा आणखी एक तोटा: २० अंशांना पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्रति लिटर प्राणवायू मावतो, २९-३० ला साडेसातच्या आसपास. कातडीने श्वास घेणाऱ्याला हा फरक लगेच जाणवतो. तुमचा न्यूट बेटावर का बसलाय याचं अर्धं उत्तर यात आहे.

एरंडवणेकर

मधेच विचारतो, माझ्याकडे पुण्यात ॲक्सोलॉटल आहे आणि कल्ल्यांवर असाच कापूस दिसतोय. इथलं मीठ आयोडीनचं. आणि देशी बदामाची वाळलेली पानं घालतात, त्याने फरक पडतो का?

पाणसरडा

ॲक्सोलॉटलला १० ग्रॅम प्रति लिटर, १० मिनिटं, दिवसातून एकदा किंवा दोनदा. जास्त वेळ ठेवू नका, कल्ल्यांचे तंतू भाजतात. दहा मिनिटांच्या बाथमध्ये आयोडीनने काही बिघडणार नाही, पण बिनआयोडीनचं खडेमीठ किंवा उपासाचं सैंधव सहज मिळत असताना ते कशाला? सैंधव विरघळवल्यावर पाणी पाच मिनिटं तसंच ठेवा आणि तळाचा गाळ मागे राहू द्या.

बदामाची पानं चालतात. टॅनिन सोडतात, पीएच थोडा उतरतो, बुरशीला थोडा अटकाव होतो. २० लिटरला एक-दोन पानं, आधी उकळत्या पाण्यात बुडवून काढलेली. रस्त्याच्या कडेच्या झाडाची नकोत, तिथे धूर आणि फवारणी असते. औषध म्हणून मात्र धरू नका. पुण्यात मे महिन्यात पाणी ३० च्या वर जातं, आणि ॲक्सोलॉटलला १६ ते १८ हवं. ते जमणार नसेल तर पानांनी काही होणार नाही. बाकी वेगळा धागा काढा, डब्याचा आकार आणि पाण्याची खोली त्याला वेगळी लागते.

योकोहामाकर

एसी आता दिवसभर २४ वर. अमोनियाचं किट आणलं, ०.५ दाखवतंय. पुंजका आखडलाय, लाली कमी वाटते, पण खाणं अजून बंद. जबरदस्तीने भरवायचं का? आणि धाकट्याला पण मीठ?

शेपूटवैद्य

भरवू नका. तोंड उघडायला गेलात तर जबडा मोडतो. प्रौढ न्यूट दोन-तीन आठवडे उपाशी राहिला तरी तेवढ्याने मरत नाही, बुरशी असताना कुजलेलं अन्न डब्यात राहणं जास्त धोक्याचं. चौथ्या-पाचव्या दिवसापासून संध्याकाळी अंधार करून गांडुळाचा सेंटीमीटरभर तुकडा चिमट्याने नाकासमोर हलवा. घेतला नाही तर तासाभरात काढून टाका. मासेमारीच्या दुकानातली गांडुळं बहुधा पट्ट्यांची लाल असतात, ती दाबली की पिवळा, उग्र वासाचा द्रव सोडतात आणि न्यूट ती थुंकतो. त्यामुळे त्याने थुंकलं तर लगेच आजाराचं लक्षण मानू नका. बागेतलं फिकं गांडूळ, फवारणी नसलेल्या मातीतलं, चांगलं. वजन दर तीन दिवसांनी, त्याच वेळी. दहा टक्क्यांवर घट दिसली तर दवाखाना.

धाकट्याला मीठ नको, त्याला जखम नाही. पण ०.५ अमोनियात त्यालाही ठेवू नका. तोही वेगळ्या डब्यात, त्याचा कप आणि चिमटा वेगळा, आणि रोज आधी धाकट्याचं पाणी बदला, मग मोठ्याचं. टँक रिकामा झाला म्हणून जिवाणूंना उपाशी मारू नका, नाहीतर महिन्याने पुन्हा पहिले पाढे. अमोनिया ०.५ आहे तोवर काही घालू नका. तो शून्यावर आला की माशांच्या खाण्याची एक चिमूट एक दिवसाआड टाकत राहा आणि मोजत राहा.

मोठा परत कधी सोडायचा: पुंजका गेल्यानंतर मिठाशिवाय सात दिवस तो परत आलेला नाही, जखमेवर कातडी आलेली आहे, सलग तीनदा खाल्लंय, आणि टँकमध्ये अमोनिया-नायट्राइट दोन्ही शून्य, नायट्रेट ४० च्या खाली, तापमान २४ किंवा कमी. चारही एकत्र हवं. सोडल्यावर दोघांना वेगवेगळ्या कोपऱ्यांत चिमट्याने भरवा, पाण्यात खाणं ओतू नका.

डब्यांचं पाणी गटारात किंवा कुंडीत ओतू नका, आणि ओढ्यात किंवा भाताच्या खाचरात तर नाहीच. तिथे याच जातीचे जंगली न्यूट राहतात आणि जपानच्या लाल यादीत ही जात धोक्याच्या उंबरठ्यावरची आहे. पाण्यात क्लोरीनचं ब्लीच टाकून अर्धा तास ठेवा, मग संडासात. डबे आणि चिमटे एकास नऊ ब्लीच-पाण्यात पंधरा मिनिटं, मग भरपूर धुऊन क्लोरीन काढायच्या औषधाच्या पाण्यात बुडवून पूर्ण वाळवा.